एनबीएचा एमव्हीपी नेमका कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: एमव्हीपी पुरस्कार कधी सुरू झाला आणि तो कशासाठी दिला जातो?

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग असलेल्या एनबीएमध्ये नियमित हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडूला (मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर, म्हणजेच एमव्हीपी) हा पुरस्कार दिला जातो. तो प्रथम १९५५-५६ च्या हंगामासाठी देण्यात आला आणि सेंट लुइस हॉक्सचा बॉब पेटिट त्याचा पहिला मानकरी ठरला. या चषकाला अनेक दशके लीगचे पहिले अध्यक्ष मॉरिस पोडोलॉफ यांचे नाव होते; डिसेंबर २०२२ मध्ये लीगने त्याला मायकल जॉर्डनचे नाव दिले. सर्वाधिक सहा वेळा हा मान करीम अब्दुल-जब्बारने मिळवला आहे. बिल रसेल आणि जॉर्डन यांना तो पाच-पाच वेळा, तर विल्ट चेंबरलेन आणि लेब्रॉन जेम्स यांना चार-चार वेळा मिळाला.

प्रश्न: मतदान कोण करते आणि विजेता कसा ठरतो?

१९७९-८० च्या हंगामापर्यंत खेळाडू स्वतःच मत देत असत. १९८०-८१ पासून हा अधिकार क्रीडा पत्रकार आणि प्रसारकांच्या मंडळाकडे आला, आणि अलीकडच्या वर्षांत या मंडळाची सदस्यसंख्या शंभरच्या आसपास असते. प्रत्येक मतदार पाच नावे क्रमाने लिहितो. पहिल्या नावाला १०, दुसऱ्याला ७, तिसऱ्याला ५, चौथ्याला ३ आणि पाचव्याला १ गुण मिळतो, आणि ज्याच्या गुणांची बेरीज सर्वाधिक तो विजेता ठरतो.

या पद्धतीमुळे काय घडू शकते, हे १९९० च्या निकालात स्पष्ट दिसते. त्या वर्षी फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सच्या चार्ल्स बार्कलीला पहिल्या पसंतीची ३८ मते मिळाली होती, तर लॉस एंजेलिस लेकर्सच्या मॅजिक जॉन्सनला केवळ २७. तरीही पुरस्कार जॉन्सनला मिळाला, कारण ज्यांनी त्याला पहिले स्थान दिले नाही त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्याला दुसऱ्या स्थानावर ठेवले होते, आणि बार्कलीची उरलेली मते मात्र तिसऱ्या-चौथ्या स्थानांपर्यंत विखुरली होती. अंतिम बेरीज ६३६ विरुद्ध ६१४ अशी झाली. म्हणून ‘सर्वाधिक लोकांनी ज्याला पहिले ठरवले तो’ हे वर्णन या पुरस्काराला लागू पडत नाही. मतदारांची व्यापक सहमती ज्याच्या बाजूने असते, तो जिंकतो. माझ्या मते ही पद्धत योग्य आहे, कारण चुरशीच्या वर्षी दुसऱ्या क्रमांकाचे मतही विचारपूर्वकच द्यावे लागते.

प्रश्न: ‘मौल्यवान’ कोणाला म्हणायचे, याचे लेखी निकष आहेत का?

नाहीत, आणि सगळ्या वादाचे मूळ तेथेच आहे. एखादा खेळाडू पात्र आहे की नाही याचे नियम लीगने केले आहेत. पण पात्र खेळाडूंमध्ये मूल्य कसे मोजायचे, हे तिने मतदारांवर सोडले आहे. परिणामी एकाच मतपत्रिकेवर वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे लिहिली जातात. कोणी हंगामातील सर्वोत्तम खेळाडू निवडतो, कोणी सर्वाधिक सामने जिंकलेल्या संघाचा प्रमुख खेळाडू निवडतो, तर कोणी असा विचार करतो की अमुक एक खेळाडू काढून घेतला तर त्याचा संघ किती खाली कोसळेल.

मतदारांमध्ये असा फरक असणे ही तक्रारीची बाब नव्हे. तक्रार करावी ती एकाच मतदाराने, किंवा वाद घालणाऱ्या एकाच चाहत्याने, नाव बदलले की निकषही बदलण्याची. आपल्या आवडत्या खेळाडूच्या संघाने साठ सामने जिंकले की विजयांचे महत्त्व सांगायचे, आणि पुढच्या वर्षी तोच संघ सहाव्या स्थानावर घसरला की ‘एकट्याच्या खांद्यावर संघ उभा आहे’ असे म्हणायचे, ही सवय सर्वत्र आढळते. म्हणून मत बनवण्याआधी निकष ठरवावा, तो शक्य तर लिहून ठेवावा, आणि मगच नावांकडे पाहावे, असा माझा आग्रह आहे.

माझा स्वतःचा निकष असा आहे: त्या एका नियमित हंगामात, प्रत्यक्ष खेळलेल्या सामन्यांमधून, एखाद्या खेळाडूने आपल्या संघाची जिंकण्याची शक्यता किती वाढवली? यात मागील वर्षांचे पुरस्कार येत नाहीत, प्लेऑफमधील (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमधील) कामगिरी येत नाही, आणि संघव्यवस्थापनाने त्याच्या भोवती किती चांगले सहकारी उभे केले याचे श्रेय किंवा दोषही येत नाही. पुढील उत्तरांमध्ये मी याच निकषाला धरून बोलणार आहे.

प्रश्न: विजेता हा अव्वल संघांपैकीच एखाद्या संघातील असायला हवा का?

व्यवहारात तसे बहुधा घडते, परंतु इतिहासात अपवाद आहेत. पहिला विजेता पेटिट ज्या हॉक्स संघात होता, त्याने त्या हंगामात ३३ सामने जिंकले आणि ३९ गमावले होते. १९७५-७६ मध्ये अब्दुल-जब्बारच्या लेकर्सने ४० विजय आणि ४२ पराभव अशी नोंद केली आणि संघ प्लेऑफमध्येही पोहोचला नाही. तरीही एमव्हीपी तोच ठरला. हे दोन्ही निकाल खेळाडूंच्या मतदानातले आहेत. मतदान पत्रकारांकडे आल्यापासून पराभवांची संख्या विजयांपेक्षा जास्त असलेल्या संघातून एकही विजेता झालेला नाही.

पत्रकारांच्या काळात हा संकेत सर्वांत जास्त ताणला गेला तो २०१७ मध्ये. केव्हिन ड्युरंट संघ सोडून गेल्यानंतर ओक्लाहोमा सिटी थंडरच्या रसेल वेस्टब्रुकने हंगामभर सरासरी ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर चेंडू ताब्यात घेणे) आणि १०.४ असिस्ट (सहकाऱ्याला थेट गुण मिळवून देणारा पास) अशी कामगिरी केली. त्याने ४२ ट्रिपल-डबल (एकाच सामन्यात गुण, रिबाउंड, असिस्ट यांसारख्या तीन नोंदी दोन अंकी) नोंदवले आणि ऑस्कर रॉबर्टसनचा १९६१-६२ मधील ४१ चा विक्रम मोडला. मात्र थंडरने ४७ सामने जिंकले आणि संघ पश्चिम विभागात सहावा राहिला. दुसरीकडे ह्यूस्टन रॉकेट्सने ५५ सामने जिंकले होते, आणि त्यांच्या जेम्स हार्डनची सरासरी २९.१ गुण आणि ११.२ असिस्ट अशी होती. मतदारांनी वेस्टब्रुकला स्पष्ट फरकाने निवडले. माझ्या मते हार्डनचा दावा त्या वर्षी निकालातून दिसतो त्यापेक्षा बराच भक्कम होता, कारण दहा रिबाउंड आणि दहा असिस्ट ही गोल संख्या डोळ्यांत भरते म्हणून तिचे वजन वाढत नाही. सरासरी ९.८ आणि १०.२ यांत संघाच्या दृष्टीने पडणारा फरक नगण्य असतो.

विजयांचा विचार करावा, पण तो पुरावा म्हणून. खेळाडू मौल्यवान असेल तर त्याचा परिणाम संघाच्या विजयांत कोठेतरी दिसलाच पाहिजे, एवढी अपेक्षा रास्त आहे. तो परिणाम ६५ विजयांच्याच रूपात दिसला पाहिजे, ही अपेक्षा मात्र सहकाऱ्यांच्या दर्जाचे बक्षीस एका माणसाला देते.

प्रश्न: चेंबरलेनने सरासरी ५० गुण केले त्या वर्षीही त्याला पुरस्कार मिळाला नाही, हे खरे आहे का?

होय, आणि या वादात रस असलेल्या प्रत्येकाने १९६१-६२ चा हंगाम नीट समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या विल्ट चेंबरलेनने त्या हंगामात प्रति सामना ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड मिळवले. २ मार्च १९६२ रोजी त्याने एकाच सामन्यात १०० गुण केले. त्याची प्रति सामना सरासरी ४८.५ मिनिटे होती. सामना ४८ मिनिटांचा असताना ती त्याहून अधिक भरते, कारण अतिरिक्त वेळेतही तो मैदान सोडत नसे. त्याच हंगामात सिनसिनाटी रॉयल्सच्या ऑस्कर रॉबर्टसनने इतिहासात प्रथमच पूर्ण हंगामाची सरासरी ट्रिपल-डबल राखली. आणि पुरस्कार मिळाला तो सरासरी १८.९ गुण आणि २३.६ रिबाउंड मिळवणाऱ्या बॉस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलला. चेंबरलेन दुसरा आला, रॉबर्टसन तिसरा.

याहून विलक्षण गोष्ट अशी की त्याच वर्षी पत्रकारांनी निवडलेल्या लीगच्या सर्वोत्तम संघात सेंटर (बास्केटजवळ खेळणारा, बहुधा सर्वांत उंच खेळाडू) म्हणून चेंबरलेनला स्थान मिळाले आणि रसेलला दुसऱ्या संघात जावे लागले. म्हणजे पत्रकारांच्या मते आपल्या जागी दुसरा असलेला खेळाडू इतर खेळाडूंच्या मते लीगमधील सर्वांत मौल्यवान होता. रसेलविरुद्ध प्रत्यक्ष मैदानात उतरलेल्या माणसांना जे जाणवत होते ते त्या काळच्या धावफलकावर उमटत नव्हते. रसेलने अडवलेले फटके अधिकृतपणे मोजलेच गेले नाहीत, कारण एनबीएने ब्लॉकची नोंद १९७३-७४ पासून सुरू केली. तो बास्केटजवळ उभा आहे म्हणून प्रतिस्पर्ध्याने आत शिरण्याचा विचार सोडून लांबून अवघड फटका मारला, तर तो परिणाम आजही कोणत्याच साध्या रकान्यात बसत नाही. सेल्टिक्सने त्या हंगामात ६० सामने जिंकले, वॉरियर्सने ४९.

हा निकाल मला चुकीचा वाटत नाही. पण आज तोच हंगाम पुन्हा झाला तर पत्रकारांचे मंडळ चेंबरलेनलाच निवडेल, याबद्दलही मला शंका नाही.

प्रश्न: आधुनिक आकडेवारीने वाद मिटवता येत नाही का?

वाद बराच नेमका करता येतो, मिटवता येत नाही. एका खेळाडूच्या एकूण योगदानाला एकाच संख्येत बसवणारी मोजमापे आता अनेक आहेत. काही धावफलकावरील नोंदींना वजन देऊन बनवलेली असतात, तर काही खेळाडू मैदानात असताना आणि बाहेर असताना संघाच्या गुणांचा फरक किती पडतो यावर आधारलेली असतात. पहिल्या प्रकारात जे मोजलेच जात नाही ते सुटते. दुसऱ्या प्रकारात सहकारी आणि राखीव खेळाडू यांचा प्रभाव मिसळतो: एखाद्या संघाचा राखीव सेंटर अगदीच कमकुवत असेल, तर मुख्य सेंटरचा आकडा आपोआप फुगतो. सांख्यिकी पद्धतींनी ही भेसळ बरीच कमी करता येते. तरीही एका हंगामाच्या नोंदींवरून काढलेल्या उत्तरात अनिश्चिततेला जागा राहतेच. म्हणून दोन खेळाडूंच्या आकड्यांत किंचित फरक असेल, तर तो फरक नाही असेच समजून पुढे जावे.

आकड्यांबरोबर डोळ्यांनी पाहणे का आवश्यक आहे, याचे उत्तम उदाहरण म्हणजे गोल्डन स्टेट वॉरियर्सचा स्टीफन करी. मधली रेषा ओलांडून तो चेंडूसह पुढे येतो आणि तीन गुणांच्या रेषेपासून चांगला सात-आठ फूट मागे असतानाच एक सहकारी त्याच्या बचावपटूला आडवा उभा राहतो. इतर कोणत्याही खेळाडूला तेथे मोकळे सोडले असते. करीला सोडता येत नाही, म्हणून दोन बचावपटू त्याच्यावर धावून जातात. तो चेंडू आडव्या उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याकडे देतो आणि आता पुढे चार आक्रमकांविरुद्ध तीन बचावपटू उरतात. कोपऱ्यातला बचावपटू बास्केट वाचवायला आत सरकतो, त्याचा खेळाडू मोकळा होतो, चेंडू तिकडे जातो आणि तीन गुण मिळतात. धावफलकावर गुण कोपऱ्यातल्या खेळाडूच्या नावे लागतात, असिस्ट मधल्या खेळाडूच्या नावे, आणि ज्याच्या भीतीने हे सारे घडले त्या करीच्या नावे काहीच लागत नाही. २०१५-१६ मध्ये त्याने तीन गुणांचे ४०२ फटके यशस्वी केले, संघाने ७३ सामने जिंकले, आणि त्याला पहिल्या पसंतीची सर्वच्या सर्व १३१ मते मिळाली.

प्रश्न: एकमताने निवड आणखी कोणाची झाली आहे?

२०२५ पर्यंतच्या निकालांमध्ये एनबीएत असा मान फक्त करीला मिळाला आहे. २००० मध्ये शकील ओनील आणि २०१३ मध्ये लेब्रॉन जेम्स यांना १२१ पैकी १२० मते मिळाली होती. दोघांचीही एकमताची संधी एकेका मताने हुकली.

प्रश्न: बचावाला पुरेसे महत्त्व दिले जाते का?

नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच हंगामात एमव्हीपी आणि सर्वोत्तम बचावपटू हे दोन्ही पुरस्कार मिळवणारे खेळाडू २०२५ पर्यंत तीनच झाले आहेत: १९८८ मध्ये जॉर्डन, १९९४ मध्ये हकीम ओलाजुवान आणि २०२० मध्ये यानिस आंतेतोकुन्पो. तिघेही आक्रमणातही अग्रगण्य होते, म्हणजे बचावाने त्यांच्या दाव्याला जोड दिली, पाया आक्रमणाचाच राहिला. केवळ बचावाच्या जोरावर या पुरस्काराच्या जवळ पोहोचणे आजच्या मतदानात जवळपास अशक्य आहे.

यामागे काही रास्त कारणही आहे. आक्रमणात एक खेळाडू चेंडू स्वतःच्या हाती ठेवून पुन्हा पुन्हा निर्णय घेऊ शकतो. बचावात मात्र प्रतिस्पर्धी संघ त्याला टाळून दुसरीकडून हल्ला करू शकतो. गार्डच्या, म्हणजे बास्केटपासून दूर राहून चेंडू हाताळणाऱ्या खेळाडूच्या, बाबतीत हे विशेष खरे आहे. बास्केटचे रक्षण करणाऱ्या सेंटरला टाळणे तितके सोपे नसते, आणि म्हणूनच सेंटर असलेल्या उमेदवाराचा विचार करताना त्याच्या बचावाला, चांगल्या वा वाईट, अधिक वजन द्यायला हवे.

प्रश्न: ६५ सामन्यांचा नियम काय आहे आणि तो योग्य आहे का?

२०२३-२४ च्या हंगामापासून या पुरस्कारासाठी पात्र ठरायला ८२ पैकी किमान ६५ सामने खेळणे बंधनकारक आहे. सामना मोजला जाण्यासाठी साधारणपणे त्यात २० मिनिटे खेळलेले असावे लागते. मोजक्या सामन्यांत थोडी सूट आहे, आणि हंगाम संपवणाऱ्या गंभीर दुखापतीसाठी वेगळी तरतूद आहे. प्रमुख खेळाडूंना वारंवार विश्रांती देण्याच्या प्रथेला आळा घालणे, हा त्यामागचा हेतू होता.

नियमाचा पहिला मोठा फटका सेव्हन्टीसिक्सर्सच्या जोएल एम्बीडला बसला. आदल्या वर्षीचा विजेता असलेला एम्बीड २०२३-२४ मध्ये प्रति सामना ३४.७ गुण करत होता आणि २२ जानेवारी २०२४ रोजी त्याने सॅन अँटोनियो स्पर्सविरुद्ध ७० गुण केले होते. त्यानंतर गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याचा हंगाम ३९ सामन्यांवर आला. तो खेळला त्या सामन्यांत संघाने ३१ जिंकले आणि ८ गमावले. तो नसताना १६ जिंकले आणि २७ गमावले.

या आकड्यांकडे पाहून कोणी म्हणेल की मौल्यवान असल्याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? पण माझ्या निकषात प्रत्यक्ष खेळलेले सामने मोजले जातात आणि ३९ सामन्यांत कितीही मोठे योगदान दिले, तरी ७५ हून अधिक सामने जवळपास त्याच पातळीवर खेळणाऱ्याची बरोबरी होत नाही. एवढे समजण्यासाठी नियमाची गरज नव्हती. मतदारांनी स्वतःच ते केले असते. नियमामुळे खरा अन्याय होतो तो ६३ किंवा ६४ सामने खेळणाऱ्यावर. १९७८ मध्ये पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सचा बिल वॉल्टन ५८ सामने खेळून एमव्हीपी झाला होता. तो खेळला त्यांपैकी ४८ सामने संघाने जिंकले, तो जायबंदी झाल्यावर उरलेल्या २४ पैकी १० च जिंकले. आजच्या नियमानुसार त्याचे नाव मतपत्रिकेवर लिहिताच आले नसते. अनुपस्थितीची किंमत मतदाराने प्रत्येक सामन्यागणिक वजा करावी. ६४ आणि ६५ यांच्यामध्ये भिंत उभारू नये.

प्रश्न: मतदार एकाच खेळाडूला कंटाळतात, या आरोपात तथ्य आहे का?

आहे. १९९६-९७ मध्ये शिकागो बुल्सने ६९ सामने जिंकले, जॉर्डन लीगमध्ये गुणांच्या सरासरीत पहिला होता, आणि तरीही पुरस्कार ६४ सामने जिंकणाऱ्या युटा जॅझच्या कार्ल मलोनला मिळाला. मलोनचा हंगाम उत्कृष्ट होता, यात वाद नाही. पण जॉर्डनला तोवर चार वेळा हा मान मिळालेला होता आणि मलोनला एकदाही नाही, ही जाणीव मतदारांच्या मनात नव्हती असे म्हणणे कठीण आहे. २०११ मध्ये, आदल्या उन्हाळ्यात मायामी हीट संघात गेलेल्या लेब्रॉनऐवजी ६२ सामने जिंकणाऱ्या बुल्सचा बावीस वर्षांचा डेरिक रोझ निवडला गेला आणि या पुरस्काराचा सर्वांत तरुण मानकरी ठरला. त्यातही आदल्या दोन वर्षांचा विजेता असलेल्या लेब्रॉनबद्दलची नाराजी मिसळली होती.

२०२३ मध्ये डेन्व्हर नगेट्सचा निकोला योकिच सलग तिसऱ्या पुरस्काराच्या दारात उभा होता. सलग तीन वेळा हा मान फक्त रसेल, चेंबरलेन आणि लॅरी बर्ड यांना मिळाला होता, आणि योकिचच्या नावावर तेव्हा एकही विजेतेपद नव्हते. त्यामुळे चर्चा त्या हंगामाची राहिलीच नाही. त्याला त्या तिघांच्या पंक्तीत बसवावे का, यावरच ती घसरली. अखेर एम्बीडला पहिल्या पसंतीची ७३ मते मिळून तो जिंकला. एम्बीडने ३३.१ गुणांच्या सरासरीसह मोठा हंगाम खेळला होता, त्यामुळे निकालाला मी अन्याय म्हणणार नाही. त्या चर्चेत जो युक्तिवाद वापरला गेला तो मात्र मला आजही मान्य नाही. प्रत्येक हंगामाचा पुरस्कार स्वतंत्र आहे. आधीच्या चषकांची संख्या त्यात मिळवायची नसते आणि वजाही करायची नसते.

प्रश्न: कथानक चांगले असले की मते मिळतात, असे म्हणतात. उदाहरण कोणते?

सर्वांत जास्त चर्चिले जाणारे उदाहरण स्टीव्ह नॅशचे आहे. २००४ मध्ये तो फिनिक्स सन्समध्ये आला आणि संघाचे विजय एका वर्षात २९ वरून ६२ वर गेले. त्याच उन्हाळ्यात ओनील मायामी हीटमध्ये गेला आणि त्या संघाचे विजय ४२ वरून ५९ झाले. नॅशला १०६६ गुण मिळाले, ओनीलला १०३२. सरासरी १५.५ गुण करणारा गार्ड विजेता कसा, हा आक्षेप तेव्हापासून चालू आहे. मला तो आक्षेप उथळ वाटतो. नॅशने संपूर्ण संघाच्या खेळाचा वेग आणि आक्रमणाची रीत बदलली होती, आणि संघातील जवळपास प्रत्येकाला सोपे फटके मिळवून दिले होते.

पुढच्या वर्षीचा त्याचा पुरस्कार अधिक वादग्रस्त आहे. २००५-०६ मध्ये कोबी ब्रायंटने सरासरी ३५.४ गुण केले, टोरंटो रॅप्टर्सविरुद्ध एका सामन्यात ८१ गुण केले, आणि फारशा बळकट नसलेल्या लेकर्सला ४५ विजयांपर्यंत नेले. मतदानात तो चौथा आला. पहिला क्रमांक कोणाचा यावर मतभेद असू शकतात, पण चौथा क्रमांक कोणत्याही निकषावर टिकत नाही.

प्रश्न: प्लेऑफमध्ये अपयश आले तर पुरस्कार चुकीचा ठरतो का?

नाही. मते नियमित हंगाम संपल्यावर, प्लेऑफ सुरू होण्यापूर्वी दिली जातात. २००७ मध्ये ६७ सामने जिंकणाऱ्या डॅलस मॅव्हरिक्सला आठव्या मानांकित गोल्डन स्टेट वॉरियर्सने पहिल्याच फेरीत हरवले आणि डर्क नोविट्स्कीने संघ बाहेर पडल्यानंतर एमव्हीपीचा चषक स्वीकारला. त्या पराभवाने आधीचे ८२ सामने पुसले जात नाहीत. अंतिम फेरीसाठी १९६९ पासून स्वतंत्र पुरस्कार आहे.

प्रश्न: या पुरस्काराचा खेळाडूच्या मानधनाशी संबंध असतो का?

असतो, आणि ही गोष्ट चाहत्यांच्या वादात फारशी येत नाही. लीगच्या करारानुसार काही अटींसह एमव्हीपी ठरलेल्या खेळाडूला संघाच्या वेतनमर्यादेचा नेहमीपेक्षा मोठा वाटा मिळू शकतो. अशा पहिल्या तरतुदीला डेरिक रोझचेच नाव पडले. म्हणजे पत्रकारांच्या मतावर कोट्यवधी डॉलर अवलंबून राहतात. ज्यांच्याविषयी बातम्या लिहायच्या त्यांचे उत्पन्न आपण ठरवू नये, या भूमिकेतून काही वृत्तपत्रे आपल्या पत्रकारांना मतदान करू देत नाहीत, आणि त्या भूमिकेचा मला आदर वाटतो. कोणी कोणाला मत दिले हे लीग आता जाहीर करते, ही त्यातल्या त्यात चांगली बाब आहे.

प्रश्न: २०२४-२५ मध्ये शे गिल्जस-अलेक्झांडर योग्य होता की योकिच?

एकाच वेळी दोन पूर्णपणे वेगळ्या प्रकारचे, आणि तितकेच भक्कम, दावे समोर येण्याचा प्रसंग क्वचितच येतो. म्हणून हा हंगाम निकष तपासून पाहायला फार उपयोगी आहे. ओक्लाहोमा सिटी थंडरने ६८ सामने जिंकले आणि प्रति सामना गुणफरकाचा लीगच्या इतिहासातील विक्रम केला. गिल्जस-अलेक्झांडर सरासरी ३२.७ गुणांसह लीगमध्ये पहिला आला, ७६ सामने खेळला आणि लीगमधील सर्वोत्तम बचाव असलेल्या संघात स्वतःचा वाटा चोख उचलला. योकिचने सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्ट नोंदवले. हंगामाची सरासरी ट्रिपल-डबल राखणारा तो पहिला सेंटर ठरला, आणि तिन्ही याद्यांत तो लीगच्या पहिल्या तिघांत होता. नगेट्सने ५० सामने जिंकले. मतदारांनी पहिल्या पसंतीची ७१ मते गिल्जस-अलेक्झांडरला आणि २९ योकिचला दिली. एकूण गुण ९१३ आणि ७८७ झाले.

माझे मत योकिचला गेले असते. थंडरचा गुणफरक अनेक हातांनी बनलेला होता: त्यांचा प्रमुख सेंटर चेट होल्मग्रेन केवळ ३२ सामने खेळूनही तो संघ डगमगला नाही, कारण बचावाची जबाबदारी आळीपाळीने उचलणारे खेळाडू त्यांच्याकडे रांगेने होते. नगेट्सच्या बाबतीत योकिच बाकावर जाऊन बसला की त्याच संघाचे आक्रमण ओळखू येत नसे. चेंडू त्याच्याकडे फ्री थ्रोच्या रेषेच्या कोपऱ्यात येतो, तो बचावाकडे पाठ करून क्षणभर थांबतो, आणि बास्केटकडे धावणाऱ्या सहकाऱ्याला मान न वळवता पास देतो. ही एक कृती त्या संघाच्या जवळपास प्रत्येक सोप्या गुणाच्या मुळाशी होती. साधारण दर्जाच्या सेंटरला त्याच्या जागी ठेवले तर तो संघ पन्नास विजयांच्या जवळपासही गेला नसता.

याविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा योकिचच्या बचावाचा आहे, आणि बास्केटचे रक्षण ही सेंटरची जबाबदारी असल्याने तो सहज बाजूला सारता येत नाही. त्यात गिल्जस-अलेक्झांडर सहा सामने अधिक खेळला होता. या दोन्ही गोष्टी वजा करूनही आक्रमणातील योकिचचे पारडे मला जड वाटते, पण फरक एवढा थोडा उरतो की उलट मत देणाऱ्या ७१ जणांपैकी कोणालाही मी चूक ठरवणार नाही. पुढे प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत थंडरने नगेट्सला सात सामन्यांत हरवले आणि अखेर विजेतेपदही मिळवले, तेव्हा अनेकांनी तो निकाल या वादाचे उत्तर म्हणून पुढे केला. मते मात्र त्या मालिकेच्या आधीच दिली गेली होती, आणि मतदारांपुढे प्रश्न होता तो ८२ सामन्यांच्या हंगामाचा.